पहिल्या स्टिरिओ सिम्फन्यांचे रीइश्यू विकत घेताना

कंडक्टर फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनी वाद्यवृंद यांनी ८ मार्च १९५४ रोजी रिचर्ड श्ट्राउसचा ‘झरथुस्त्र’ (वाद्यवृंदासाठीची एक रचना) स्टिरिओत ध्वनिमुद्रित केला. आज तो साध्या सीडीवर मिळतो, एसएसीडीवर (सीडीहून जास्त तपशील साठवणाऱ्या चकतीवर) मिळतो, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या एलपीवर मिळतो, ४५ फेऱ्यांच्या संचात मिळतो आणि डाउनलोडही करता येतो. शिवाय युरोपातल्या कुठल्या तरी अनोळखी लेबलाचा स्वस्त एलपी असतोच. वादन तेच असलं तरी किमतीत दहापट फरक आढळतो. नवखा माणूस इथे दोनपैकी एक करतो: सगळ्यात महाग ते चांगलं समजून घेतो, नाहीतर सगळं सारखंच समजून स्वस्त ते घेतो. दोन्ही वेळा पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच.

हा लेख साधारण १९५४ ते १९६५ या काळातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांच्या रीइश्यूंबद्दल, म्हणजे त्याच मुद्रणांच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्यांबद्दल आहे. रीइश्यूची खरी किंमत ठरते ती कोणत्या टेपवरून, कोणी, कोणत्या मार्गाने तो तयार केला यावर. तबकडीचं वजन, कव्हरवरचा सोनेरी स्टिकर आणि ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द यांचा आवाजाशी फारसा संबंध नाही.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- नीट जुळवलेला टर्नटेबल, किंवा एसएसीडी वाजवणारा प्लेअर. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सुईच्या भाराचा डिजिटल काटा.
- कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जुळवण्याचा कागदी प्रोट्रॅक्टर आणि गती तपासायची स्ट्रोब डिस्क.
- कार्बन फायबरचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, मऊ मायक्रोफायबर कापड.
- चांगला टॉर्च आणि दहापट भिंग. डेडवॅक्सवरची (शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतच्या पट्ट्यावरची) अक्षरं वाचायला ही दोन्ही लागतात.
- परदेशातून मागवणार असाल तर आधार किंवा पॅन, विक्रेत्याचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा.

१. आधी कंपनी ओळखा

प्रत्येक कंपनीची ध्वनिमुद्रणाची पद्धत वेगळी होती आणि त्यामुळे रीइश्यूमध्ये काय सुधारू शकतं तेही वेगळं आहे. पुढची प्रत्येक निवड यावर उभी असल्याने इथे जरा वेळ द्या.

आरसीए व्हिक्टरने १९५४ मध्ये बॉस्टन आणि शिकागोत स्टिरिओ सुरू केलं. अगदी पहिली मुद्रणं दोन ट्रॅकवर आहेत, नंतरची बहुतेक अर्ध्या इंचाच्या तीन ट्रॅकच्या टेपवर. डावा, मधला आणि उजवा असे तीन ट्रॅक. पण एलपीवर दोनच मावतात. म्हणून त्या काळी तिनाचे दोन करून नवी टेप बनवली जाई आणि एलपी त्या दुसऱ्या पिढीच्या टेपवरून कापला जाई. त्यातही घरोघरच्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून खर्ज आवरता घेत. थोडक्यात, आरसीएच्या ‘लिव्हिंग स्टिरिओ’ मालिकेतल्या मूळ १९५८च्या तबकडीतही टेपवरचं सगळं उतरलेलं नव्हतं. म्हणून आरसीएचा रीइश्यू मूळ तबकडीपेक्षा सरस ठरण्याला खरोखर वाव आहे: तीन ट्रॅकची मूळ टेप लावून थेट कटिंगच्या वेळी दोन ट्रॅक केले की टेपची एक पूर्ण पिढी गळते. सारख्या दर्जाच्या यंत्रांवर केलेल्या पहिल्याच प्रतीत टेपची सरसर सुमारे ३ डेसिबलने वाढते, त्यामुळे हा फायदा कानाला कळतो.

मर्क्युरीची गोष्ट उलटी. अभियंता रॉबर्ट फाइन आणि निर्माती विल्मा कोझार्ट फाइन यांनी वाद्यवृंदासमोर तीनच मायक्रोफोन टांगले. सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागेवर पातळी एकदा ठरवली की मुद्रण चालू असताना बटणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. एलपी कापतानाही तीन ट्रॅक थेट मिसळून कटरला दिले जात. म्हणजे मूळ मर्क्युरी तबकडी आधीच पहिल्या पिढीची आहे; तिच्यावर मात करणं रीइश्यूला जड जातं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ३५ मिलिमीटरच्या चुंबकीय फिल्मवरही मुद्रण केलं. फिल्म जाड असल्याने शेजारच्या वेटोळ्यातला आवाज झिरपत नाही आणि दातेरी चाकांमुळे वेग डळमळत नाही. पण अ‍ॅसिटेट फिल्म म्हातारपणी आक्रसते आणि तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो, म्हणून तिच्यावरून आज नवं काम करणं सोपं राहिलेलं नाही. १९९० पासून आलेल्या मर्क्युरीच्या सीडींसाठी विल्मा कोझार्ट फाइन यांनी स्वतः तीन ट्रॅकचं मिश्रण केलं. या सीडी स्वस्त आहेत, आणि त्यांना ‘नुसत्या सीडी’ म्हणून बाजूला टाकणारे लोक काय गमावतात ते त्यांनाच माहीत नाही.

डेक्काने १९५४च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये कंडक्टर एर्नेस्ट आन्सर्मे यांच्यासोबत स्टिरिओत मुद्रणं सुरू केली. कंडक्टरच्या डोक्यावर टी आकारात तीन मायक्रोफोन, बाजूला दोन आणखी. हीच ती ‘डेक्का ट्री’, जी पुढे न्यूमनच्या एम५० मायक्रोफोनमुळे नावारूपाला आली. पण डेक्का सगळे मायक्रोफोन जागेवरच मिसळून सरळ दोन ट्रॅकवर उतरवत असे. त्यामुळे तिथे ‘तीन ट्रॅकवरून नवं मिश्रण’ ही भाषाच लागू होत नाही. डेक्काच्या रीइश्यूचं यश टेपची आजची तब्येत आणि कापणाऱ्याचं कसब या दोनच गोष्टींवर अवलंबून असतं. ईएमआयच्या एचएमव्ही आणि कोलंबिया लेबलांच्या सुरुवातीच्या स्टिरिओचंही थोड्याफार फरकाने असंच.

म्हणून नवख्याने ठरवायचं ते असं: आरसीए असेल तर उत्तम रीइश्यू बिनधास्त घ्या. मर्क्युरीची सीडी किंवा एसएसीडी आधी घ्या. डेक्कासाठी रीइश्यू आणि चांगल्या अवस्थेतली नंतरची इंग्लिश प्रेसिंग (साच्यातून दाबलेली प्रत) यांच्या किमती शेजारी ठेवून बघा.

२. वादन कोणतं ते तारखेवरून पक्कं करा

एकाच कंडक्टरने एकच कृती दोनदा मुद्रित केली असेल तर घोळ हमखास होतो. रायनरचे ‘झरथुस्त्र’ दोन आहेत, १९५४चा आणि १९६२चा. क्लेम्पररची बेटहोफेनची ‘इरोइका’ दोनदा आहे: १९५५ची मोनो, १९५९ची स्टिरिओ. कव्हरचं चित्र बघून घेऊ नका. मुद्रणाचा महिना-वर्ष आणि सभागृह जुळवा. विक्रेत्याने ते दिलं नसेल तर मूळ क्रमांक विचारा. आरसीएत एलएससीने सुरू होणारा क्रमांक स्टिरिओ, एलएमने सुरू होणारा मोनो. डेक्कात एसएक्सएल स्टिरिओ. ईएमआयमध्ये एएसडी आणि एसएएक्स स्टिरिओ. मर्क्युरीत एसआर स्टिरिओ, एमजी मोनो.

दुसरा सापळा नकली स्टिरिओचा. साठच्या दशकात मोनो मुद्रणांवर इलेक्ट्रॉनिक प्रक्रिया करून ती स्टिरिओ म्हणून विकली गेली. एका बाजूला खर्ज वाढवायचा, दुसऱ्या बाजूला तार सप्तक, वर थोडा प्रतिध्वनी. कंडक्टर फुर्टवेंग्लर नोव्हेंबर १९५४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावावर स्टिरिओ दिसलं की ते असंच केलेलं आहे असं धरून चाला. टोस्कानिनींच्या आरसीए तबकड्यांतही हा प्रकार भरपूर आहे. ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ किंवा ‘रीचॅनल्ड’ असे शब्द मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात. तिथे सरळ मोनो प्रत घ्या.

३. माध्यम ठरवा, आणि मग त्यालाच चिकटून राहा

टर्नटेबल नसेल आणि हातात मर्यादित रक्कम असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: एसएसीडी. २००४च्या सुमारास आरसीएच्या ‘लिव्हिंग स्टिरिओ’ची मोठी एसएसीडी मालिका निघाली. बॉस्टनच्या साउंडमिरर स्टुडिओने मूळ टेपांवरून ती केली, आणि जिथे टेपवर तीन ट्रॅक आहेत तिथे ते तिन्ही वेगळे ठेवले. समोर तीन स्पीकर असतील तर १९५० च्या दशकातल्या नियंत्रण कक्षात जे ऐकू येत होतं त्याच्या बरंच जवळ जाता येतं. मागच्या स्पीकरमध्ये काही भरलेलं नाही, आणि तेच योग्य. अगदी सुरुवातीच्या दोन ट्रॅकच्या मुद्रणांत मधला स्पीकर गप्प राहील. प्लेअर बिघडलेला नाही. मर्क्युरीच्याही तीन ट्रॅकच्या एसएसीडी त्याच सुमारास निघाल्या.

या बहुतेक एसएसीडी हायब्रिड आहेत. त्यात सीडीचाही थर असतो, त्यामुळे त्या कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजतात. पण तिथे तुम्ही ऐकता तो सीडीचाच थर. संगणकाच्या साध्या ड्राइव्हला एसएसीडीचा थर दिसतच नाही. ‘एसएसीडी घेतली पण फरक जाणवला नाही’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा एवढंच असतं. प्लेअरच्या पडद्यावर एसएसीडी असं लिहून येतं का ते बघा.

एलपी घ्यायचाच असेल तर बाजूची लांबी बघा. बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला ३३च्या गतीवर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ ती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच वेळाची माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबली जाते. आणि वाद्यवृंदाच्या रचनेत सगळ्यात मोठा गदारोळ बहुधा शेवटी असतो, म्हणजे नेमका लेबलापाशी. बोलेरो घ्या, रेस्पिगीचे ‘पाइन्स ऑफ रोम’ घ्या, सां-साँची ऑर्गन सिम्फनी घ्या. एका बाजूला २० ते २२ मिनिटं ठीक. त्यापुढे पातळी खाली आणावी लागते, नाहीतर शेवट फाटतो. ४५च्या गतीच्या संचांचं समर्थन इथे आहे: खाच ३५ टक्के जलद सरकते. बदल्यात दर दहा-बारा मिनिटांनी उठायचं आणि सिम्फनीचा एक भाग मध्येच तुटलेला ऐकायचा. ज्याला सलग ऐकायला आवडतं त्याने केवळ तांत्रिक कौतुकापोटी ४५च्या मागे लागू नये.

४. तीन प्रश्न विचारा: कोणती टेप, कोणी कापली, मध्ये काय होतं

‘मूळ अ‍ॅनालॉग मास्टर टेपवरून’ हे वाक्य खोटं न बोलताही फसवू शकतं. टेपवरून डिजिटल प्रत केली आणि त्या प्रतीवरून तबकडी कापली, तरी ती मूळ टेप‘वरूनच’ झाली ना!

त्यामागचं यंत्र समजून घेतलं की भाषा कळू लागते. कटिंग लेथला, म्हणजे खाच कापणाऱ्या यंत्राला, पुढे किती मोठा आवाज येणार हे आधी कळावं लागतं, म्हणजे तो खाचांमधलं अंतर कमी-जास्त करू शकतो. जुन्या टेप यंत्रांवर यासाठी एक जादा हेड असायचं. ते टेप क्षणभर आधी वाचायचं आणि लेथला इशारा द्यायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी हे हेड जाऊन डिजिटल विलंब आला: इशारा सरळ टेपवरून, आणि कटरला जाणारा आवाज मात्र डिजिटलमधून उशिराने. म्हणजे टेप फिरते आहे, लेथ फिरतो आहे, तरी मध्ये डिजिटल आहेच. तीन ट्रॅकच्या टेपला तर आवाज आणि इशारा अशी दोन समांतर मिश्रणं लागतात. अशी व्यवस्था राखलेले स्टुडिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि उत्तम आरसीए रीइश्यू महाग असण्याचं एक खरं कारण हे आहे.

त्यामुळे मध्ये अ‍ॅनालॉगच असेल तर कंपनी तसं स्पष्ट लिहिते. लिहिलेलं नसेल तर डिजिटल आहे असं समजा. तेवढ्यावरून तबकडी टाकाऊ ठरत नाही. जुलै २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या अनेक एलपींमध्ये डीएसडी या डिजिटल पद्धतीचा टप्पा असल्याचं उघड झालं, तेव्हा त्याच तबकड्यांना अस्सल अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून नावाजणाऱ्या कुणाच्याही कानाला तोवर ते कळलेलं नव्हतं. चांगल्या टेपवरून काळजीपूर्वक केलेली डिजिटल प्रत ही झिजलेल्या चौथ्या पिढीच्या टेपपेक्षा केव्हाही बरी. पण पैसे अ‍ॅनालॉगचे मागितले जात असतील तर माल अ‍ॅनालॉगच हवा.

आता नावं. आरसीएच्या रीइश्यूंची लाट १९९०च्या दशकात क्लासिक रेकॉर्ड्सने आणली. कटिंग बर्नी ग्रुंडमन यांचं. ती कंपनी पुढे अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सच्या मालकांकडे गेली. त्यांनी ‘लिव्हिंग स्टिरिओ’ नव्याने कापून घेतल्या आणि कॅन्ससमधल्या सलायनाच्या स्वतःच्या कारखान्यात, क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्जमध्ये, २०० ग्रॅमच्या तबकड्या दाबल्या. डेक्का आणि मर्क्युरीसाठी जर्मनीची स्पीकर्स कॉर्नर ही कंपनी अ‍ॅनालॉग मार्गासाठी ओळखली जाते. २०२३ पासून निघणारी डॉइच ग्रामोफोनची ‘ओरिजिनल सोर्स’ मालिका उत्तम आहे, पण ती १९७०च्या दशकातल्या टेपांची; या लेखाच्या कक्षेबाहेर. एकाच दुकानात शेजारी लावलेली असते म्हणून सांगितलं.

युरोपातल्या स्वस्त एलपींचं गणित वेगळं आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षांचा होता तो २०१३ मध्ये ७० वर्षांचा झाला, पण तोवर मुक्त झालेली मुद्रणं मुक्तच राहिली. म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेलं कुणीही छापू शकतो. पण मूळ टेप मूळ कंपनीच्या तिजोरीत आहे, ती या लेबलांना मिळत नाही. मग राहते कुठली तरी सीडी किंवा जुनी तबकडी. छायाप्रतीची छायाप्रत काढून ती जाड कागदावर छापावी तसा हा प्रकार. १८० ग्रॅमचा ठसा असतो, टेपचा उल्लेख मात्र कुठेच नसतो. तो नसणं हीच खूण.

वजनाबद्दल एकदाच सांगून टाकू: १८० किंवा २०० ग्रॅमची तबकडी कमी वाकते आणि हातात भारदस्त वाटते. खाच तितकीच खोल असते. डेक्काच्या जुन्या उत्तम प्रेसिंग याहून बऱ्याच हलक्या आहेत.

५. डेडवॅक्स वाचायला शिका

शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली अक्षरं म्हणजे तबकडीची जन्मपत्रिका. विक्रेत्याकडे या पट्ट्याचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. टाळाटाळ करणाऱ्याकडून महाग वस्तू घेऊ नका.

रीइश्यूवर कापणाऱ्याची आद्याक्षरं रोमन लिपीत असतात: बीजी म्हणजे बर्नी ग्रुंडमन, आरकेएस म्हणजे रायन स्मिथ, केपीजी म्हणजे केव्हिन ग्रे. इंग्लिश डेक्कावर मॅट्रिक्स क्रमांकाच्या शेवटी आकडा आणि अक्षर असतं, जसं १ई किंवा ३डब्ल्यू. आकडा म्हणजे कितवं कटिंग, अक्षर म्हणजे कापणारा अभियंता. स्टॅम्परचा (तबकडी दाबायच्या साच्याचा) क्रमांक अक्षरांत दडवलेला असतो. डेक्काचा संकेत ‘बकिंगहॅम’च्या रोमन स्पेलिंगचा: बी म्हणजे १, यू २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९, एम ०. ईएमआयचा संकेत ‘ग्रामोफ एलटीडी’ असा: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. मूळ आरसीएवर मॅट्रिक्सच्या शेवटी १एस, ५एस असं काही असतं आणि कारखान्याचं अक्षर: आय इंडियानापोलिस, आर रॉकअवे, एच हॉलिवूड.

१एस म्हणजे आपोआप सर्वोत्तम, हा समज संग्राहकांच्या बाजारासाठी ठीक आहे, ऐकणाऱ्यासाठी नाही. पहिलं कटिंग कधी कधी घाबरत घाबरत केलेलं असतं आणि पाचवं जास्त मोकळं.

६. टर्नटेबलची तयारी, आणि ५० हर्ट्झची भानगड

भारतात आणि ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची. अमेरिकेतून आणलेला जुना टर्नटेबल एसी सिंक्रोनस मोटरचा असेल तर ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलेल. वारंवारिता तीच राहील, आणि तबकडी ३३⅓ ऐवजी २७.८च्या गतीने फिरेल. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का ते घेण्याआधी बघा. डीसी मोटरच्या यंत्राला हा त्रास नाही.

स्ट्रोब डिस्कवर दोन वर्तुळं असतात. आपल्याकडे ५० हर्ट्झचं वापरा, त्यात ३३⅓साठी १८० रेघा असतात. ६०च्या वर्तुळात २१६. आणि एलईडी दिव्याखाली स्ट्रोब बघू नका. अनेक एलईडी विजेच्या लयीत लुकलुकत नाहीत, त्यामुळे रेघा स्थिर दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब किंवा निऑन टेस्टरचा उजेड चालतो.

सुईचा भार कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा. १.८ ते २.२ ग्रॅम अशी मर्यादा असेल तर २.१ ला सुरुवात करा. कमी भाराने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई मोठ्या आवाजात खाचेच्या भिंतींवर आपटते आणि कायमचं नुकसान करते. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला ४७ किलोओहम लागतात, ते बहुतेक फोनो स्टेजमध्ये (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागात) असतातच. केबल आणि फोनो स्टेजची एकत्रित कपॅसिटन्स मात्र तपासा. अनेक कार्ट्रिजना १०० ते २०० पिकोफॅरड मानवतात. जास्त झाली की व्हायोलिन किंचाळतात, आणि दोष बिचाऱ्या मर्क्युरीच्या माथी मारला जातो.

इक्वलायझेशनची, म्हणजे कापताना बदललेला खर्ज-तार समतोल वाजवताना पूर्ववत करण्याची, चिंता सोडा. १९५८ पासूनच्या स्टिरिओ तबकड्यांना आरआयएए हे एकच प्रमाण वळण पुरेसं आहे. जुन्या मोनोसाठीची वेगवेगळी वळणं इथे लावत बसू नका.

७. मागवताना

भारतात नवे रीइश्यू थोड्या दुकानांत मिळतात, बाकी मागवावे लागतात. कस्टम ड्यूटी तबकडीच्या किमतीवर नव्हे, तर किंमत अधिक पाठवणी अधिक विमा यांच्या बेरजेवर लागते, त्यावर आयजीएसटी, आणि वर कुरियरचं प्रक्रिया शुल्क. म्हणून एकेक तबकडी मागवणं सगळ्यात महाग. चार-पाच एकत्र मागवा.

विक्रेत्याला आधीच लिहून कळवा:

- बिलावर ‘ग्रामोफोन रेकॉर्ड्स’ असं स्पष्ट लिहा, शीर्ष क्रमांक ८५२३ टाका. नुसतं ‘म्युझिक’ लिहिलं की पार्सल अडतं.
- ‘गिफ्ट’ लिहू नका. भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. आता त्याने फक्त संशय वाढतो.
- वापरलेली तबकडी असेल तर ती कव्हराच्या बाहेर, वेगळ्या स्लीव्हमध्ये ठेवून पाठवा, नाहीतर प्रवासात ती कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा हवा.

कुरियर केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागेल. नाव बिलावरच्या नावाशी तंतोतंत जुळू द्या. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात माल पोचेल असं बघा. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत पीव्हीसी वाकायला वेळ लागत नाही.

घरच्या बाजारात एक वेगळी गंमत आहे. मुंबईच्या जुन्या तबकड्यांच्या ढिगांत दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एचएमव्ही-कोलंबियाच्या पाश्चात्त्य तबकड्या सापडतात. पृष्ठभाग बऱ्याचदा करकरतो, पण वादन कोणतं आवडतं हे ठरवायला त्या पुरेशा आहेत. महागडा रीइश्यू मग मागवा. आणि मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसोबतचा १९६८चा डेक्का ‘झरथुस्त्र’ मिळाला तर सोडू नका. रायनरच्या शेजारी ठेवून ऐकण्यासारखा आहे.

८. पहिल्या चार

यादी लहानच बरी.

रायनर, शिकागो: बार्टोकचा कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा, १९५५. स्टिरिओ एलपी जन्मायच्या तीन वर्षं आधीचं हे मुद्रण आहे यावर विश्वास बसत नाही.

म्युन्श, बॉस्टन: सां-साँची ऑर्गन सिम्फनी, १९५९. सिम्फनी हॉलचा ऑर्गन खोलीचा आणि स्पीकरचा खर्ज तपासतो.

डोराटी, लंडन सिम्फनी: स्ट्राव्हिन्स्कीचा ‘फायरबर्ड’, मर्क्युरी, वॉटफर्ड टाउन हॉल, १९५९. सुरुवात अतिशय हळू आहे. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. पुढे जे येतं त्याने शेजारी दार वाजवतील.

आन्सर्मे, स्विस रोमांद: फायाचा ‘थ्री कॉर्नर्ड हॅट’, डेक्का, १९६१. रंग, पोत आणि वाद्यांच्या जागा यासाठी.

९. तबकडी आली: काय दोष आणि काय नाही

परत करण्याची मुदत संपायच्या आत पूर्ण ऐका, दोन्ही बाजू. नवी असली तरी आधी धुवा. साच्याचे आणि कागदी स्लीव्हचे कण खाचेत असतातच. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरला वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब, खाचेच्या दिशेने ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. कागदी स्लीव्ह काढून पॉलिथिनची घाला. मऊ पीव्हीसीची नको, ती काही वर्षांत तबकडीवर धुकट डाग पाडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा, तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका. बुरशीचे पांढरे ठिपके धुऊन जातात, पण उशीर केला तर खाचेत खूण राहते.

परत करण्याजोगे दोष: मधलं छिद्र सरकलेलं असणं. लांब धरलेल्या सुरावर, विशेषतः ओबो किंवा पियानोवर, दर फेरीला स्वर हेलकावतो, आणि टोनआर्म डावी-उजवीकडे झुलताना दिसतो. एकाच चॅनलमध्ये फेरीगणिक ‘स्स्स’ येणं. दाबताना प्लास्टिक नीट भरलं गेलेलं नाही. सुई उडवणारी वाक.

परत करू नयेत असे: टेपची सरसर. ती असलीच पाहिजे. सत्तर वर्षांच्या टेपवरून पूर्ण शांतता ऐकू आली तर कुणीतरी सरसर गाळली आहे, आणि तिच्यासोबत व्हायोलिनची झळाळी आणि सभागृहाची हवाही गेली आहे. लंडनच्या किंग्जवे हॉलमधल्या मुद्रणांत हळू जागी खालून एक घरघर येते. ती खालून जाणाऱ्या पिकॅडिली लाइनच्या गाड्यांची. टर्नटेबलच्या बेअरिंगमध्ये तेल घालत बसू नका. क्लेम्पररच्या तबकड्यांत दुसरे व्हायोलिन उजवीकडून येतात. चॅनल उलटे जोडलेले नाहीत, ते तसेच बसवत. ‘झरथुस्त्र’च्या सुरुवातीला ऑर्गनचा खर्ज ऐकू न येणं हाही तबकडीचा दोष असेलच असं नाही. बत्तीस फुटी नळीचा तळाचा सा सुमारे १६ हर्ट्झचा असतो, आणि बहुतेक घरगुती स्पीकर ४०च्या खाली हात टेकतात.

शंका असेल तर तोच भाग दुसऱ्या माध्यमात ऐका, सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर. दोष तिथेही असेल तर तो टेपचा. नसेल तर विक्रेत्याला लिहा: कोणती बाजू, कितव्या मिनिटाला, कोणत्या चॅनलमध्ये, धुऊन पुन्हा ऐकली का, दुसऱ्या तबकडीवर तोच त्रास होतो का. एवढं लिहून सोबत व्हिडिओ जोडला की बहुतेक विक्रेते वाद न घालता दुसरी प्रत पाठवतात.